पालिकेचं अनुदान मिळालं, आता संस्था टिकवायची कशी?

१८८९ मध्ये जेन अ‍ॅडम्स आणि एलेन गेट्स स्टार यांनी शिकागोत 'हल हाउस' सुरू केलं. स्थलांतरित कुटुंबांसाठी पाळणाघर, प्रौढांसाठी वर्ग, बायकांसाठी निवारा अशी कामं तिथे चालायची. सुरुवातीची कित्येक वर्षं हे सगळं देणगीदारांच्या पैशावर चाललं. अ‍ॅडम्सबाईंना १९३१ मध्ये शांततेचं नोबेल मिळालं. पुढे काम वाढलं, पाळणाघरं आणि बालसंगोपनाची सरकारी कंत्राटं आली, आणि शेवटच्या काळात संस्थेच्या उत्पन्नाचा चार पंचमांशाहून मोठा भाग सरकारी तिजोरीतून यायला लागला. जानेवारी २०१२ मध्ये संस्थेने दिवाळखोरी जाहीर केली आणि दारं बंद झाली. तेव्हा तिचं वय होतं १२२ वर्षं.

नव्याने संस्थेचा कारभार हाती घेतलेली मंडळी भेटली की त्यांचा पहिला प्रश्न 'अनुदान कसं मिळवायचं?' हाच असतो. प्रश्न योग्यच आहे. पण हल हाउसला अनुदान मिळत नव्हतं असं नाही. ते मिळत होतं, तरी संस्था टिकली नाही. आणि उलट बाजूही तितकीच खरी आहे. हा सरकारी पैसा नसता, तर देणग्या आटल्यावर ती संस्था कदाचित कितीतरी आधी बंद पडली असती. म्हणून हा लेख अर्ज लिहिण्याच्या युक्त्यांवर नाही. पालिकेचा पैसा संस्थेला नेमका कशाने जगवतो, कुठे दगा देतो, आणि नवख्या खजिनदाराने किंवा सचिवाने पहिल्या वर्षात काय काय करून ठेवावं, एवढंच यात आहे.

नगरपालिका, महापालिका, जिल्हा मंडळ, काउंटी अशी नावं देशोदेशी वेगळी. मी सोयीसाठी सगळ्यांना 'पालिका' म्हणणार आहे.

पायरी १ : पैसा मूळ कुठला, ते आधी शोधा

पालिकेने दिलेला पैसा पालिकेचाच असतो असं नाही. तो साधारण तीन वाटांनी येतो. एक, पालिकेच्या स्वतःच्या करातून. दोन, वरच्या सरकारकडून आलेला आणि पालिकेने फक्त पुढे सरकवलेला. तीन, एखाद्या कामासाठी मुद्दाम लावलेल्या वेगळ्या करातून.

तिसरा प्रकार फार कमी ठिकाणी आढळतो, पण सगळ्यात भरवशाचा तोच. फ्लोरिडातल्या पिनेलस काउंटीत १९४५ मध्ये मुलांच्या कल्याणासाठी वेगळं मंडळ स्थापन करणारा कायदा झाला. पुढच्या वर्षी मतदारांनी त्याला मान्यता दिली, आणि मालमत्ता कराचा एक ठरलेला हिस्सा तेव्हापासून त्या मंडळाकडे जातो. तिथल्या संस्थांना दरवर्षी रस्ते आणि गटारांशी स्पर्धा करावी लागत नाही.

दुसऱ्या प्रकारात अटी वरून येतात आणि पालिकेलाही त्या बदलता येत नाहीत. अमेरिकेत १९७४ पासून शहरांना जो समाजविकासाचा केंद्रीय निधी मिळतो, त्यातला साधारण १५ टक्क्यांपर्यंतचाच भाग सामाजिक सेवांवर खर्च करता येतो, बाकीचा घरं आणि सुविधांवर. हे माहीत नसलेली संस्था आयुक्तांच्या दारात जाऊन भांडते. समोरचा माणूस मान डोलावतो, पण त्याच्या हातात काही नसतं.

याच टप्प्यावर आणखी एक गोष्ट विचारून घ्या, माझ्या मते या पायरीतली सगळ्यात महत्त्वाची : तुमचं काम पालिकेचं कायद्याने बंधनकारक कर्तव्य आहे की ऐच्छिक? चांगल्या दिवसांत हा फरक कुणाला दिसत नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमच्या पालिकेने आपले हिशेब जुळत नसल्याची कलम ११४ खालची नोटीस काढली, तेव्हा तो एका दिवसात दिसला. अशी नोटीस निघाली की कायद्याने करावाच लागतो तेवढा खर्च सोडून नवा खर्च थांबतो. इंग्लंडमध्ये प्रौढांची काळजी आणि बेघरांना मदत ही पालिकांची बंधनकारक कामं. तरुणांची केंद्रं चालवण्याचं कर्तव्य मात्र 'शक्य असेल तितपत' अशा सैल शब्दांत लिहिलेलं आहे, आणि २०१० नंतरच्या काटकसरीत सर्वाधिक कात्री लागलेल्या सेवांमध्ये ती होती.

तुमचं काम ऐच्छिक खान्यात असेल तर घाबरायचं कारण नाही. त्याचा काही भाग बंधनकारक कर्तव्याशी प्रामाणिकपणे जोडता येतो का, एवढं पाहा. तरुणांच्या केंद्रात येणाऱ्यांपैकी काहीजण बेघर होण्याच्या उंबरठ्यावर असतात. ती आकडेवारी वेगळी ठेवली तर उद्या दुसऱ्या खात्याचं दार ठोठावता येतं.

पायरी २ : अनुदान, करार की सवलत, ते ओळखा

अनुदान म्हणजे तुमच्या कामाला केलेली मदत. करार म्हणजे पालिकेने तुमच्याकडून विकत घेतलेली सेवा. दोन्हींचा धनादेश सारखाच दिसतो, त्यामुळे नवखे गोंधळतात. अनुदानात पैसा बहुधा आधी किंवा हप्त्यांनी येतो, आणि उरला तर परत करावा लागतो. करारात आधी काम, मग बिल, मग पैसा. ठरलेल्या दरापेक्षा खर्च जास्त आला तर तोटा तुमचा. कमी आला तर उरलेलं बहुतेक वेळा तुमचं, पण सामाजिक सेवांच्या करारात असं सुख क्वचितच वाट्याला येतं.

जगभरातला ओघ अनुदानाकडून करारांकडे आहे. ब्रिटनमध्ये १९९० च्या आरोग्यसेवा व समाजकाळजी कायद्यानंतर पालिका स्वतः सेवा देण्याऐवजी ती विकत घेऊ लागल्या. जर्मनीत वेगळी परंपरा आहे. कॅरितास, डियाकोनी यांसारख्या कल्याणकारी संघांकडून एखादी सेवा मिळत असेल तर सार्वजनिक यंत्रणेने तीच सेवा स्वतः उभी करू नये, हे तत्त्व तिथल्या समाजकायद्यातच लिहिलेलं आहे. तिथे संस्था पालिकेकडे कंत्राटदार म्हणून जात नाही. कायद्याने तिला जोडीदाराची जागा दिलेली असते, आणि त्यामुळे बोलणी वेगळ्या सुरात होतात.

तिसरा प्रकार म्हणजे सवलत, आणि ती ताळेबंदात कुणी धरत नाही. जागा नाममात्र भाड्याने मिळणं, पाणीपट्टीत सूट, करमाफी. इंग्लंडमध्ये धर्मादाय संस्थांना त्यांच्या कामाच्या इमारतींवरच्या व्यवसाय करात ८० टक्के सूट कायद्यानेच मिळते, उरलेले २० टक्के माफ करायचे की नाही हे पालिका ठरवते. अनेक संस्थांना त्या २० टक्क्यांसाठी वेगळा अर्ज करता येतो हेच माहीत नसतं. जपानमध्ये २००३ पासून पालिकेची सभागृहं आणि केंद्रं चालवायला बाहेरच्या संस्थेकडे देण्याची पद्धत आहे. संस्थेला डोक्यावर छप्पर मिळतं आणि चालवण्याचा खर्चही. छपराची किंमत आकड्यात मांडून वार्षिक अहवालात लिहा. जागा काढून घेतली जाते त्या दिवशी कळतं की खरं अनुदान तेच होतं.

पायरी ३ : कामाचा खरा खर्च काढा

नवखी संस्था अर्जात काय लिहिते? समुपदेशकांचा पगार, वह्या-पुस्तकं, प्रवास. आणि हिशेब कोण ठेवणार? वीजबिल कोण भरणार? समुपदेशक आजारी पडल्यावर बदली माणूस? लेखापरीक्षकाची फी? हे सगळं 'आपण बघून घेऊ' या खात्यात जातं. दोन-तीन वर्षांत ते खातं इतकं फुगतं की नवा प्रकल्प मिळाला की खजिनदाराच्या पोटात गोळा येतो, कारण प्रत्येक प्रकल्पागणिक तोटा वाढतो.

न्यूयॉर्कमधल्या फेग्स या संस्थेचं उदाहरण सगळ्यांनी एकदा तरी समजून घ्यावं. १९३४ मध्ये बेरोजगारांसाठी सुरू झालेली, वर्षाला एक लाखाहून जास्त लोकांपर्यंत पोचणारी, सुमारे २५ कोटी डॉलर वार्षिक उलाढालीची ही संस्था. २०१४ च्या अखेरीस तिने एका वर्षात सुमारे १ कोटी ९४ लाख डॉलरचा तोटा जाहीर केला आणि २०१५ मध्ये ती संपली. कारभारातल्या चुका होत्या, त्यावर बरंच लिहून आलं. पण त्यानंतर तिथल्या समाजसेवी संस्थांमध्ये जी चर्चा झाली तिचा रोख एकाच गोष्टीवर होता : शहर आणि राज्याचे करार सेवेचा पूर्ण खर्च देतच नाहीत, आणि संस्था मोठी झाली म्हणून ही तूट भरून येत नाही, उलट तीही मोठी होते.

कसं काढायचं ते थोडक्यात सांगतो. संस्थेचा वर्षाचा एकूण खर्च घ्या. त्यातून थेट प्रकल्पांचा खर्च वेगळा करा. उरतो तो सामायिक खर्च : कार्यालय, हिशेबनीस, संगणक, विमा, लेखापरीक्षण, तुमच्या प्रमुखाचा वेळ. समजा थेट खर्च ४० लाख आणि सामायिक खर्च १० लाख. म्हणजे थेट खर्चाच्या प्रत्येक १०० मागे २५ सामायिक लागतात. आता पालिका म्हणाली की प्रशासकीय खर्च १० टक्केच देऊ, तर प्रत्येक १०० मागे १५ तुम्ही घालताय. २० लाखांचा प्रकल्प घेतलात तर ३ लाख तुम्हाला दुसरीकडून आणायचे आहेत. हे ३ लाख कुठून येणार याचं उत्तर असेल तर प्रकल्प घ्या. बरेचदा घ्यावाही. पण आकडा माहीत असताना घेणं आणि मार्चअखेरीला तो कळणं, यात फार अंतर आहे.

दर मागायला संकोच नको. अमेरिकेत केंद्राचा पैसा पालिकेमार्फत आला तरी ज्या संस्थेचा स्वतःचा ठरलेला दर नाही तिला ठरावीक किमान प्रशासकीय दर मिळावा असा नियम २०१४ च्या अखेरीस आला. तो दर १० टक्के होता, ऑक्टोबर २०२४ पासून १५ टक्क्यांपर्यंत नेला. हा बदल संस्थांनी वर्षानुवर्षं हिशेब मांडून दाखवल्यामुळे झाला. 'आमचा प्रशासकीय खर्च शून्य' असं अभिमानाने छापणाऱ्या संस्था मात्र इतरांचं नुकसान करतात. मला तरी त्यात कौतुक करण्यासारखं काही दिसत नाही. एक तर ते खोटं असतं, किंवा कुणीतरी फुकट राबत असतं.

पायरी ४ : रकमेआधी तारीख बघा

या पायरीवर मी जास्त रेंगाळणार आहे, कारण मी पाहिलेल्या बहुतेक संस्था तोट्याने नव्हे, उशिराने आजारी पडल्या. कागदावर सगळं ठीक असतं. मंजुरीचं पत्र फाइलला असतं, काम चालू असतं, आणि महिनाअखेरीला पगाराला पैसे नसतात.

गणित साधं आहे. समजा करार वर्षाला २४ लाखांचा, म्हणजे महिन्याला २ लाख खर्च. पालिका तिमाही संपल्यावर बिल घेते. तुम्हाला बिल तयार करायला १५ दिवस लागतात, आणि बिल दिल्यापासून पैसे खात्यात यायला ४५ दिवस. तिसऱ्या महिन्याच्या अखेरीस ६ लाख गेलेले आहेत. चौथ्या महिन्याच्या मध्याला बिल जातं. पाचव्या महिन्याच्या अखेरीस पैसे येतात, तोवर १० लाख खर्च झालेले. आले ६. पुढच्या तिमाहीचंही तसंच : आठव्या महिन्याअखेरीस १६ लाख खर्च, आलेले ६, म्हणजे पुन्हा १० लाख बाहेर. थोडक्यात, २४ लाखांचा करार चालवायला तुमच्याकडे १० लाखांचं खेळतं भांडवल हवं. सगळं वेळेवर झालं तर एवढं. एखादा कर्मचारी रजेवर गेला, एखादी सही राहिली, तर त्याहून जास्त.

आता हाच करार मासिक बिलावर आणून पाहा. तेच १५ आणि ४५ दिवस धरले तरी बाहेर अडकलेली रक्कम ६ लाखांच्या वर जात नाही. करारातली एक ओळ बदलली आणि ४ लाख मोकळे झाले. म्हणून बोलणी करताना नव्या लोकांनी रक्कम वाढवून मागण्याआधी हे मागावं : काही भाग आगाऊ, बिलं मासिक, आणि बिलात एका ओळीवर शंका आली तर ती ओळ रोखून बाकीचे पैसे सोडण्याची अट. शेवटचं फारजण मागत नाहीत. एका पावतीपायी अख्खं तिमाही बिल परत आलेलं मी पाहिलं आहे, पावती होती रिक्षाभाड्याची.

दुसरा धोका म्हणजे करारावर सही व्हायच्या आधी काम सुरू करणं. 'तुम्ही सुरू करा, कागद होतील' हे वाक्य कुठल्याही पालिकेत ऐकू येतं. न्यूयॉर्क शहरात हा प्रकार इतका नेहमीचा की करार नोंदला जाईपर्यंत संस्थांना बिनव्याजी उसनवारी मिळावी म्हणून शहरानेच एका विश्वस्त संस्थेमार्फत वेगळा फिरता निधी ठेवलेला आहे. तुमच्याकडे अशी सोय आहे का, विचारा. नसेल तर बँकेची ओव्हरड्राफ्ट मर्यादा गरज पडायच्या आधी घेऊन ठेवा. गरज पडल्यावर बँक ओळख दाखवत नाही.

आणि उशीर किती लांबू शकतो? इलिनॉयमध्ये राज्य पातळीवर जुलै २०१५ पासून दोन वर्षं पूर्ण अंदाजपत्रकच मंजूर झालं नाही. सह्या झालेले करार हातात असलेल्या समाजसेवी संस्थांनी सेवा दिल्या आणि पैशांसाठी त्यांना कोर्टात जावं लागलं. तुमच्या पालिकेत असं होईल असं नाही. पण 'करार आहे म्हणजे पैसे आहेत' हा समज सोडून द्या.

यासाठी एक तक्ता करा. पुढचे बारा महिने आडवे, प्रत्येक महिन्यात येणारे आणि जाणारे पैसे उभे. येणाऱ्या पैशांची तारीख पालिकेने सांगितलेली घालू नका, मागच्या वर्षी खरोखर आले ती घाला. मागचं वर्ष नसेल तर पालिकेकडून पैसे घेणाऱ्या दोन जुन्या संस्थांना फोन करा. ते खरं सांगतात, या विषयावर तर तासभर सांगतात. तक्त्यात ज्या महिन्यात शिल्लक शून्याखाली जाते तो महिना लाल करा आणि कार्यकारी मंडळाच्या पुढच्याच बैठकीत ठेवा. हा तक्ता दर महिन्याला नव्याने करायचा असतो. एकदा करून फाइलला लावला तर त्याचा उपयोग नाही.

पायरी ५ : करार शेवटच्या पानापासून वाचा

पहिल्या पानावर रक्कम असते, ती सगळे वाचतात. शेवटच्या पानांवर करार कसा संपतो ते असतं. किती दिवसांच्या नोटिशीने पालिका तो रद्द करू शकते? अंदाजपत्रकात तरतूद झाली नाही तर करार आपोआप संपतो का? बहुतेक ठिकाणी संपतो. मग तुमच्या कर्मचाऱ्यांना तुम्ही दिलेली नोटिशीची मुदत त्याहून लांब आहे का? पालिका ३० दिवसांत करार तोडू शकते आणि तुमची नेमणूकपत्रं ९० दिवसांची असतील, तर मधल्या ६० दिवसांचे पगार तुमच्या राखीव निधीतून जाणार.

आणखी तीन गोष्टी बघा. एका लेखाशीर्षातून दुसऱ्यात पैसे वळवायला परवानगी लागते का, आणि किती टक्क्यांपर्यंत लागत नाही. या पैशातून घेतलेलं वाहन किंवा संगणक करार संपल्यावर कुणाचे. आणि तीन वर्षांचा करार असेल तर दर वाढतो की तोच राहतो. दर गोठलेला असेल तर तिसऱ्या वर्षी तुम्ही त्याच पैशात कमी सेवा देणार आहात. ते पहिल्या वर्षीच लिहून कळवा.

बोलण्यावर बंधन घालणारी अट आहे का, तेही पाहा. ब्रिटनमध्ये २०१६ साली केंद्राच्या अनुदानांत 'या पैशातून सरकारवर प्रभाव टाकायचा नाही' अशा आशयाचं कलम घालायचं ठरलं होतं. संस्थांनी विरोध केला आणि वर्षअखेरीस ते मागे घेऊन वेगळे निकष आले. पालिकेचा पैसा घेऊन पालिकेच्या धोरणावर बोलायचं की नाही, हे प्रत्येक संस्थेने आधी आपापसात ठरवावं. माझं मत : बोलावं, पण वर्तमानपत्रात वाचण्याआधी संबंधित अधिकाऱ्याला ते तुमच्याकडून कळलेलं असावं.

पायरी ६ : अंदाजपत्रकाच्या वर्षाप्रमाणे चाला

भारतात आणि ब्रिटनमधल्या पालिकांत आर्थिक वर्ष एप्रिलपासून, अमेरिकेतल्या अनेक शहरांत जुलैपासून, जर्मनीत जानेवारीपासून. ठरावाची बैठक वर्ष सुरू होण्याच्या थोडी आधी असते, पण आकडे त्याच्या तीन-चार महिने आधी खात्याच्या पातळीवर ठरलेले असतात. सभागृहात भाषणं सुरू झाल्यावर निवेदन घेऊन जाणारी संस्था उशिरा पोचलेली असते.

लोकप्रतिनिधींना भेटा, जरूर भेटा, तुमच्या केंद्रावर बोलवा. सर्व पक्षांच्या. एकाच नेत्याच्या ओळखीने आलेलं अनुदान त्या नेत्याच्या पराभवाबरोबर जातं. पण रोजच्या कामात तुम्हाला लागणारा माणूस म्हणजे तुमची फाइल ज्याच्या टेबलावर आहे तो. त्याला कुठला नमुना कुठल्या तारखेला लागतो हे त्याच्याकडूनच लिहून घ्या. त्याची बदली झाली की नव्या माणसाला पहिल्या आठवड्यात एका पानाची माहिती नेऊन द्या. त्याला तुमची फाइल शोधायला लावू नका.

पायरी ७ : कागद

याबद्दल सगळे सांगतात, म्हणून थोडक्यात. प्रत्येक खर्चाला व्हाउचर, प्रत्येक व्हाउचरवर प्रकल्पाचं नाव. पालिकेच्या पैशाची नोंद वेगळी. कर्मचारी दोन प्रकल्पांत काम करत असेल तर त्याच्या वेळेची नोंद त्याच महिन्यात, वर्षअखेरीला आठवून नव्हे. भारतात केंद्राच्या वित्तीय नियमांप्रमाणे अनुदानाचं उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे पैसा ठरलेल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला, आर्थिक वर्ष संपल्यापासून बारा महिन्यांत द्यावं लागतं, आणि आधीचं दिलं नसेल तर पुढचा पैसा अडकतो. मुदत बारा महिन्यांची असली तरी तीन महिन्यांत द्या. तेवढ्याने पुढचा हप्ता लवकर सुटतो.

लाभार्थ्यांच्या आकड्यांबरोबर एखादी अशी गोष्ट मोजा जी पालिकेला तिच्या खर्चाशी जोडता येईल : रुग्णालयातल्या फेऱ्या कमी झाल्या, निवाऱ्यातले दिवस घटले, शाळेची गळती थांबली. फुगवून सांगू नका. फुगवलेला आकडा पुढच्या वर्षी तुमचं उद्दिष्ट होऊन परत येतो.

पायरी ८ : पालिकेच्या पैशाच्या शेजारी दुसरा पैसा उभा करा

पालिकेच्या अनुदानाचा एक फायदा रकमेत दिसत नाही. कुणीतरी तुमचे हिशेब तपासले आहेत, तुमचं केंद्र येऊन पाहिलं आहे, याचा तो शिक्का असतो. मोठे देणगीदार आणि कंपन्या तो शिक्का बघतात. म्हणून पहिलं मंजुरीपत्र आलं की त्याच महिन्यात इतर अर्ज पाठवा. दुसऱ्या बाजूला छोटे देणगीदार 'आता तुम्हाला सरकार देतंय' म्हणून हात आखडता घेतात, त्यांना सांगावं लागतं की सरकार १०० पैकी किती देतं आणि उरलेलं कशासाठी लागतं. पायरी ३ मधला आकडा इथे कामाला येतो.

देणगीतला जो पैसा कशालाही वापरता येतो, तो सगळ्यात मोलाचा. तो प्रकल्पात घालून टाकायचा मोह होतो, कारण दारात माणसं उभी असतात. लंडनच्या किड्स कंपनी या संस्थेने दारात आलेल्या मुलाला परत पाठवायचं नाही असं धोरण ठेवलं होतं. राखीव निधी जवळपास नव्हताच. ऑगस्ट २०१५ मध्ये, केंद्र सरकारने ३० लाख पौंडांचं अनुदान दिल्यानंतर काही दिवसांतच ती बंद पडली. पुढे कोर्टाने तिच्या विश्वस्तांना दोष दिला नाही. मुलं मात्र परत दाराबाहेर राहिली.

किती राखीव असावा? तीन महिन्यांचा खर्च असं सरसकट सांगतात. मी म्हणेन, पायरी ४ च्या तक्त्यातला सगळ्यात खोल खड्डा मोजा आणि त्यात पायरी ५ मधल्या नोटिशीच्या दिवसांचे पगार मिळवा. तो तुमचा आकडा. पहिल्या वर्षी त्याचा दहावा भाग जमला तरी पुष्कळ, पण त्याचं खातं वेगळं काढा आणि त्यातून पैसे काढायला मंडळाचा ठराव लागेल असं लिहून ठेवा. एका स्रोतावर किती टक्के अवलंबून राहायचं याचीही मर्यादा मंडळाने ठरवावी. आकडा तुमचा तुम्ही ठरवा, मात्र तो ओलांडला गेला की बैठकीच्या विषयपत्रिकेवर आपोआप यायला हवा.

पायरी ९ : कपात येते तेव्हा

येते. दहा वर्षं काम केलं तर एकदा तरी येतेच.

पहिला आठवडा : कपात लेखी मागा. तोंडी बातमीवर कुणाला कामावरून काढू नका, आणि तोंडी आश्वासनावर कुणाला ठेवूही नका. तक्ता नव्याने करा. कुठली सेवा थांबवल्याने किती वाचतं ते काढताना लक्षात घ्या की प्रकल्प थांबला तरी त्याने उचललेला सामायिक खर्च राहतोच, तो उरलेल्या प्रकल्पांवर येऊन पडतो. म्हणून १० लाखांची कपात पुष्कळदा १२ लाखांची असते.

दुसरा आठवडा : पालिकेला पर्याय द्या. सगळ्या सेवा थोड्या थोड्या पातळ करायच्या की एक पूर्ण थांबवून बाकीच्या नीट चालवायच्या? मी दुसऱ्या बाजूचा आहे. पातळ केलेल्या सेवेचं कुणाला काही वाटत नाही, पालिकेलाही नाही, आणि पुढच्या वर्षी ती आणखी पातळ होते. एक केंद्र बंद होणार असं लेखी कळवलं की निदान प्रश्न विचारले जातात, कधीकधी पैसेही परत येतात. त्याच कामात असलेल्या इतर संस्थांशी बोला. जागा, हिशेबनीस, वाहन यातलं काही वाटून घेता येतं का बघा. विलीनीकरणाचा विषय निघाला तर तो तुमच्याकडे सहा महिन्यांचे पैसे शिल्लक असताना निघालेला बरा. हातात काही उरलं नसलं की समोरची संस्था फक्त फर्निचर घेते.

आणि बंद करायचीच वेळ आली तर त्याचीही तयारी असावी. हल हाउस वसंत ऋतूत बंद होईल असं आधी सांगितलं गेलं होतं, प्रत्यक्षात ते जानेवारीतच बंद झालं. त्यामुळे आजच, सगळं सुरळीत असताना, दोन पानांची एक यादी करून ठेवा : कुठल्या लाभार्थ्याला कुठे पाठवायचं, त्याची कागदपत्रं कुणाकडे सोपवायची, कर्मचाऱ्यांची किती देणी आहेत, पालिकेची कुठली बिलं यायची आहेत, आणि बँकेतली शिल्लक कुठल्या आकड्याला आली की मंडळाची तातडीची बैठक बोलवायची. त्या आकड्याखाली सगळ्या विश्वस्तांच्या सह्या घ्या. दरवर्षी नवा ताळेबंद मंजूर होतो त्याच बैठकीत ही यादीही उघडा आणि तारीख बदला.